सोळा आठवडे तक्रारपत्रांपाशी: मानव्यविद्येतल्या एका संशोधन-इंटर्नशिपचा प्रकरण अभ्यास

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान किंवा भाषाविज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याने काही महिने विद्यापीठाबाहेरच्या संस्थेत संशोधक म्हणून काम करावे, ही सोय आता बऱ्याच देशांत आहे. फ्रान्समध्ये १९८१ पासून चालणाऱ्या ‘सिफ्र’ योजनेत यजमान संस्था विद्यार्थ्याला तीन वर्षांसाठी नोकरीवरच घेते आणि तो तिथे काम करत प्रबंध लिहितो. कॅनडातली ‘मायटॅक्स’ ही संस्था १९९९ मध्ये गणिती संशोधनाचे जाळे म्हणून सुरू झाली. आज तिच्या चार-चार महिन्यांच्या इंटर्नशिपना मानव्यविद्येचे विद्यार्थीही अर्ज करतात आणि खर्च यजमान व मायटॅक्स वाटून घेतात. ब्रिटिश लायब्ररी पीएच.डी. विद्यार्थ्यांना तीन महिन्यांच्या प्लेसमेंट देते.

या सोयींचे अर्ज आणि करार मात्र बहुतेक ठिकाणी विज्ञान-तंत्रज्ञान डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले असतात. तिथे ‘निष्पत्ती’ म्हणजे यंत्र, रेणू, सॉफ्टवेअर. मानव्यविद्येत निष्पत्ती म्हणजे वाचन आणि त्यातून आलेले लेखन. या एका फरकामुळे प्रश्न, करार, परवानगी, वेळ असे सगळेच निराळे ठरवावे लागते. पहिल्या दिवसाआधी ते लेखी ठरले नाही, तर संशोधक म्हणून गेलेली व्यक्ती बघता बघता माहितीपत्रके लिहिणारी जादा कर्मचारी होऊन बसते.

पुढचे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाही. अशा इंटर्नशिपमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एका प्रसंगात गुंफून ते रचले आहे. त्यातले तास आणि पत्रांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

प्रसंग

साहित्य विभागात तिसऱ्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी. प्रबंधाचा विषय: आजारपणाविषयी लोक लिहितात तेव्हा घटनांचा क्रम कसा लावतात. यजमान: एका मोठ्या रुग्णालयाचा तक्रार निवारण विभाग. मुदत १६ आठवडे. आठवड्यातले तीन दिवस रुग्णालयात, दोन दिवस प्रबंधासाठी. मानधन विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीइतकेच. ही अट विद्यापीठानेच घातली होती आणि ती योग्यच होती. बिनपगारी इंटर्नशिप शेवटी ज्यांच्या घरून पैसे येऊ शकतात त्यांच्याच वाट्याला जाते.

अर्जाआधी दोन गोष्टी तपासल्या. शिष्यवृत्ती चालू असताना दुसरे मानधन घेता येते का, आणि हे चार महिने पीएच.डी.च्या कमाल मुदतीत धरले जातात की वगळले जातात. दोन्हींची उत्तरे ईमेलवर, लेखी घेतली. या बाबतीत तोंडी आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही.

प्रश्न कसा ठरला

विभागाची पहिली मागणी अशी होती: ‘तक्रारदारांना जाणारी आमची उत्तरे फार रुक्ष असतात, भाषा सुधारून द्या.’ मागणी प्रामाणिक होती, पण ते संपादनाचे काम. त्याला पीएच.डी. विद्यार्थी लागत नाही आणि त्यातून प्रबंधाला काही मिळत नाही. मार्गदर्शकांनी नकार दिला नाही. त्यांनी विचारले, ‘उत्तर लिहिण्याआधी तुमच्याकडे तक्रारीचे काय होते?’

तेव्हा कामाची साखळी समोर आली. पत्र येते. नोंदणी करणारी व्यक्ती ते वाचून दोन ओळींचा सारांश लिहिते आणि नऊ प्रकारांपैकी एक निवडते. पुढे चौकशी करणारे मूळ पत्र क्वचितच उघडतात. ते सारांशावर काम करतात. उत्तरही सारांशालाच दिले जाते. रुक्षपणाचे मूळ उत्तराच्या भाषेत नसून त्याच्या दोन पायऱ्या आधी असावे, अशी शंका इथे आली. मग प्रश्न लिहिला गेला: तक्रारदाराने सांगितलेली गोष्ट आणि नोंदवहीतला सारांश यांच्यामध्ये नेमके काय गळते, आणि ते दर वेळी एकाच जागी गळते का?

हा प्रश्न विभागाला स्वतःहून सोडवता येण्याजोगा नव्हता, कारण त्यांच्याकडची सगळी आकडेवारी सारांश झाल्यानंतरची होती. दुसरीकडे कथनाची रचना वाचणे हेच विद्यार्थिनीचे मूळ प्रशिक्षण. इंटर्नशिपचा प्रश्न चांगला आहे की नाही, हे याच दोन बाजूंनी तपासावे. एकही बाजू लंगडी असेल तर आणखी एक बैठक घ्यावी. तीन बैठकांतही जमले नाही, तर तो यजमान त्या विद्यार्थ्यासाठी योग्य नाही असे समजावे.

कराराची पाने

विद्यापीठाने नेहमीचा छापील नमुना पाठवला. त्यात एक कलम होते: प्रकल्पातून निर्माण होणारे सर्व निष्कर्ष, नोंदी व दस्तऐवज यजमान संस्थेच्या मालकीचे राहतील. अभियांत्रिकीच्या प्रकल्पात यावर वाटाघाट होते, पण प्रबंध सहसा वाचतो, कारण यंत्र आणि यंत्राविषयीचा प्रबंध या वेगळ्या वस्तू असतात. इथे मात्र ‘नोंदी व दस्तऐवज’ म्हणजे विद्यार्थिनीचे वाचन-टिपण, आणि त्याच टिपणातून प्रबंधाचे प्रकरण लिहिले जाणार. कलम तसेच राहिले असते तर तिच्या प्रबंधाचा एक चतुर्थांश भाग रुग्णालयाच्या मालकीचा झाला असता.

बदललेल्या मसुद्यात मालकी तीन ठिकाणी वाटली. मूळ पत्रे आणि नोंदवह्या रुग्णालयाच्या. विश्लेषणाची टिपणे आणि त्यावर आधारलेले लेखन विद्यार्थिनीचे. अहवाल आणि नोंदणीचा सुधारित तक्ता रुग्णालयाला कायम, विनामूल्य आणि हवा तसा वापरता येईल. प्रकाशनाबाबत असे ठरले: प्रबंधाचे प्रकरण किंवा लेख सादर करण्याआधी ३० दिवस रुग्णालयाला दाखवायचा, रुग्णालय फक्त ओळख उघड करणारा किंवा गोपनीय तपशील काढायला सांगू शकेल, निष्कर्षावर त्याला नकाराधिकार नाही, ३० दिवसांत उत्तर आले नाही तर संमती धरली जाईल. शेवटचे वाक्य नसेल तर कागद कोणाच्या तरी टेबलावर सहा महिने पडून राहू शकतो आणि प्रबंध अडतो.

परवानगी

विभागाचे म्हणणे होते की हा अंतर्गत आढावा आहे, नैतिकता समितीकडे, म्हणजे माणसांविषयीच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे, जायची गरज नाही. फक्त अहवाल लिहायचा असता तर बऱ्याच संस्थांत ते चालले असते. पण आढावा म्हणून गोळा केलेली सामग्री नंतर प्रबंधात वापरायची म्हटली, की समितीची परवानगी मागच्या तारखेने मिळत नाही. म्हणून अर्ज सुरुवातीलाच ‘संशोधन’ म्हणून करावा आणि प्रबंधाचा उल्लेख पहिल्या पानावर असावा.

अर्जातला कठीण मुद्दा संमतीचा. पत्र लिहिणाऱ्याने ते न्याय मिळावा म्हणून लिहिले होते, संशोधनासाठी नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तक्रारदारांना आता संमतीसाठी गाठणे म्हणजे कित्येकांच्या घरातले दुःख पुन्हा उकरणे. समितीने व्यक्तिगत संमतीची अट शिथिल केली, पण बदल्यात तीन अटी घातल्या: ओळख पुसलेली प्रतच वाचायची, प्रत रुग्णालयाच्या संगणकाबाहेर न्यायची नाही, आणि कोणत्याही पत्रातले वाक्य जसेच्या तसे छापायचे नाही.

तिसरी अट साहित्याच्या विद्यार्थ्याला जाचक वाटते, कारण त्याचा सगळा व्यवहारच उताऱ्यावर चालतो. तिच्यामागे दोन ठोस कारणे आहेत. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असला, तरी मजकुराचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याकडेच राहतो. आणि तक्रारदाराने तेच वाक्य कुठे ऑनलाइन टाकले असेल, तर शोधयंत्रात ते वाक्य टाकून कोणीही त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. उपाय असा निघाला: तीन-चार पत्रांतली समान रचना घेऊन नवे नमुनावाक्य घडवायचे आणि ते घडवलेले आहे असे प्रबंधात स्पष्ट लिहायचे.

ओळख पुसण्यात गेलेले तास

इथेच वेळापत्रक घसरले. आराखड्यात एक ओळ होती: ‘विभागातील कर्मचारी पत्रांतील ओळख पुसून देतील.’ कोण, केव्हा, किती तास, हे कुठेच नव्हते. वाचायच्या नमुन्यात १६० पत्रे होती. एका पत्राला १५ मिनिटे धरली तरी त्यांचे ४० तास होतात. विभागात तेवढा मोकळा वेळ कोणाकडेच नव्हता. पहिले दोन आठवडे ओळख-परिचयात गेले आणि तिसऱ्या आठवड्यात हातात एकही पत्र नव्हते.

शेवटी हे काम विद्यार्थिनीनेच करायचे ठरले. त्यासाठी तिला गोपनीयतेची शपथ देऊन मानद कर्मचारी म्हणून नोंदवले गेले. पण समितीकडे दिलेल्या आराखड्यात ती मूळ पत्रे पाहणार नव्हती, म्हणून दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. तो मंजूर होईपर्यंत कामाचे साधारण ४० तास वाया गेले.

नावे आणि तारखा खोडल्या की ओळख पुसली, असे नाही. आरोग्यविषयक माहितीच्या गोपनीयतेसाठी असलेल्या अमेरिकेच्या हिपा नियमांतल्या ‘सेफ हार्बर’ पद्धतीत काढून टाकायच्या १८ प्रकारच्या ओळखखुणा दिल्या आहेत: नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक वगैरे. आधार म्हणून ही यादी चांगली आहे. पण जुळ्या मुलींची प्रसूती आणि त्याच रात्री त्याच रुग्णालयात आजोबांचा मृत्यू, एवढे पत्रात असेल तर यादीतली एकही खूण नसूनही शेजारीपाजारी ते कुटुंब ओळखतात. गोष्ट हीच ओळख ठरते. म्हणून यादीनंतर प्रत्येक पत्रावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: या घटनांचा संच त्या गावात, त्या वर्षी किती जणांचा असू शकेल? उत्तर ‘एकाचाच’ असेल तर एखादा तपशील बदलायचा आणि बदल वेगळ्या, कुलूपबंद यादीत नोंदवायचा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या युरोपच्या जीडीपीआर नियमानुसार अशी यादी अस्तित्वात असेपर्यंत ती सामग्री ‘व्यक्तिगत’च मानली जाते, त्यामुळे यादी कधी नष्ट करायची, ती तारीखही ठरलेली असावी.

तासांचा हिशेब

आठवड्याला तीन दिवस आणि दिवसाला खऱ्या कामाचे सहा तास, असे १६ आठवड्यांचे २८८ तास. मूळ वाटणी: विभागाची ओळख ३६, चाचणी-वाचन व कोडबुक (प्रत्येक पत्राला प्रकार कसा द्यायचा, म्हणजे कोडिंग कसे करायचे, त्याचे नियम) ३०, वाचन ६७ (१६० पत्रे, दर पत्री २५ मिनिटे), लेखन ६०, बैठका १६. एकूण २०९, राखीव ७९. दिसायला ऐसपैस. पण वाट पाहण्यात ४० आणि ओळख पुसण्यात ४० तास गेल्यावर राखीव वेळ संपून एक तास उणाच पडला.

दोन पर्याय होते: मुदत वाढवणे किंवा पत्रे कमी करणे. मुदत वाढवली की मानधनाची तरतूद, शिष्यवृत्तीची अट, प्रबंधाचे वेळापत्रक असे तीन दरवाजे पुन्हा ठोठावावे लागतात. पत्रे कमी केली. २४ महिन्यांतल्या प्रत्येक तिमाहीतून २० ऐवजी १५, म्हणजे १२० पत्रे. वाचनाचे जवळपास १७ आणि ओळख पुसण्याचे १० तास वाचले; राखीव २६ झाले. तिमाहीवार निवड असल्यामुळे काळाचा समतोल टिकला. सुरुवातीलाच ‘मिळतील ती १६० पत्रे’ असा ढिला नमुना घेतला असता, तर त्याला अशी कात्री लावता आली नसती.

वाचन आणि कोडिंग

नवी वर्गवारी शून्यातून बनवण्याचा मोह मानव्यविद्येत जोरदार असतो. तो टाळला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले ॲलेक्स गिलेस्पी आणि टॉम रीडर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले आरोग्यसेवेतल्या तक्रारींच्या विश्लेषणाचे साधन आधाराला घेतले. त्यात तक्रारींचे तीन गट आहेत: वैद्यकीय, व्यवस्थापन, आणि नातेसंबंध. त्यांखाली सात प्रकार येतात; नातेसंबंधांच्या गटात ऐकून घेणे, माहिती देणे, आणि आदर व रुग्णहक्क असे तीन.

तक्रार कशाविषयी आहे हे या साधनाने कळते. ती कशी सांगितली आहे हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पत्राला चार रकाने जोडले: वाक्याचा कर्ता कोण, काळाच्या खुणा कोणत्या आणि किती दाट, सांगणे-विचारणे-बोलावणे या क्रिया कोणाकडे वळलेल्या, आणि पत्र शेवटी काय मागते. हेच विद्यार्थिनीचे खास योगदान.

एकट्याचे वाचन यजमानाला पटत नाही. ‘हे तुमचे मत’ म्हणून ते बाजूला ठेवणे सोपे जाते. म्हणून विभागातली एक अनुभवी कर्मचारी दुसरी वाचक झाली. तिच्या वाट्याला ४०-४० पत्रांच्या दोन फेऱ्या, दर पत्री १० मिनिटे, म्हणजे सुमारे १३ तास. ओळख पुसण्याच्या ओळीवरून धडा मिळालेला असल्याने हे तास विभागप्रमुखांच्या सहीने लिहून घेतले.

पहिल्या फेरीत ‘ऐकून घेतले नाही’ या प्रकाराबाबत दोघींनी हो म्हटलेली पत्रे १४, दोघींनी नाही म्हटलेली १८, मतभेदाची ८ (५ आणि ३ अशी). एकमत ८० टक्के. पण निव्वळ योगायोगानेही जवळपास ५० टक्के जुळले असते. योगायोग वजा करून एकमत मोजणारा, जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा निर्देशांक (१ म्हणजे पूर्ण एकमत) इथे ०.६० येतो. आणखी चांगला हवा होता. मतभेदाची आठ पत्रे शेजारी ठेवल्यावर कारण लगेच दिसले. ‘तीनदा सांगूनही काही कळले नाही’ अशा वाक्याला एक वाचक ‘ऐकले नाही’ म्हणत होती, दुसरी ‘माहिती दिली नाही’. कोडबुकात नियम घातला: माहिती रुग्णाकडून कर्मचाऱ्याकडे जाताना अडली तर ‘ऐकणे’, कर्मचाऱ्याकडून रुग्णाकडे येताना अडली तर ‘माहिती देणे’, दोन्ही असतील तर दोन्ही. नव्या ४० पत्रांवर एकमत ३६, कप्पा ०.८०.

एक सूचना इथेच द्यायला हवी. ही पत्रे मृत्यूंची, चुकलेल्या निदानांची, रात्रभर उभ्या राहिलेल्या नातेवाइकांची आहेत. दिवसाला २५ मिनिटांच्या हिशेबाने १४ पत्रे वाचता येतील असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात सहा ते आठच्या पुढे वाचक बोथट होतो किंवा कोसळतो, आणि दोन्ही वेळा कोडिंग बिघडते. वरच्या मर्यादेचा आकडा आराखड्यात लिहा, आणि दर आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या बैठकीत मार्गदर्शकांनी कामाच्या प्रगतीआधी माणसाची विचारपूस करावी.

काय सापडले

१२० पैकी ५२ पत्रांत ‘ऐकून घेतले नाही’ हा भाग होता. नोंदवहीच्या नऊ प्रकारांत असा प्रकारच नव्हता. ती ५२ पत्रे तिथे २७ ‘विलंब’, ११ ‘कर्मचाऱ्यांची वागणूक’ आणि १४ इतरत्र अशी विखुरलेली.

खरी मेख वाक्यांच्या रचनेत होती. पत्रात ओळीने येते: मी सांगितले, पुन्हा सांगितले, त्यांनी पाहून घेतो म्हटले, मी परत गेले. प्रत्येक क्रियेला कर्ता आहे आणि प्रत्येक क्रिया कोणाकडे तरी वळलेली आहे. सारांशात याचे ‘उपचारास विलंब झाला’ होते. कर्ता गेला, सांगणे गेले, उरला फक्त वेळ. चौकशी करणारा मग वेळच तपासतो: किती वाजता दाखल, किती वाजता औषध. वेळ नियमात बसते आणि तक्रार ‘तथ्य आढळले नाही’ म्हणून बंद होते. रुग्णाने दिलेली सूचना कोणत्या टप्प्यावर अडली, हे कोणी तपासतच नाही. उत्तर रुक्ष वाटण्याचे कारण इथे होते: ते न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होते.

या निष्कर्षाची हद्द अहवालात स्पष्ट लिहिली. नमुन्यात फक्त लेखी आणि बंद झालेल्या तक्रारी होत्या. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा ज्यांनी तोंडी सांगून विषय सोडला, ते यात नाहीत; आणि न ऐकले जाण्याचा अनुभव त्यांच्याकडे अधिक असण्याची शक्यता आहे.

अहवाल आणि प्रबंध

एकाच मजकुरात दोन्ही भागवायचा प्रयत्न सहसा फसतो. व्यवस्थापनाला ४० पानांचे विवेचन नको असते. परीक्षकांना दोन पानांच्या शिफारशी नको असतात. म्हणून अहवाल वेगळा, सहा पानांचा: पहिल्या पानावर निष्कर्ष, दुसऱ्यावर सुधारित तक्ता, मग पुरावा. लेखनाच्या ६० तासांपैकी ३५ यालाच गेले. प्रबंधाचे प्रकरण इंटर्नशिपच्या तासांत बसत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

मसुदा पाहून एका वरिष्ठाने एका वॉर्डाविषयीचा परिच्छेद पूर्ण काढायला सांगितले. करारातले कलम इथे कामी आले. वॉर्डाचे नाव आणि तो ओळखू येईल असा तपशील काढला, निष्कर्ष राहिला. वाद दहा मिनिटांत मिटला, कारण काय काढता येते हे चार महिन्यांपूर्वी, कोणीही रागावलेले नसताना, ठरले होते.

तक्त्यात बदल दोनच केले. एकाऐवजी दोन प्रकार निवडण्याची मुभा, ज्यात ‘सांगूनही दखल नाही’ हा नवा प्रकार. आणि सारांशाच्या वर एक रकाना: तक्रारदाराच्याच शब्दांतले एक वाक्य, क्रियापदासकट. नोंदणीला प्रति पत्र दोन-तीन मिनिटे वाढतात, ही किंमत अहवालात लपवली नाही.

सर्वांत कच्चा दुवा मुदतीनंतरचा. इंटर्नशिप संपते तेव्हा नवा तक्ता नुकताच लागू झालेला असतो; जुन्या सवयीने नोंदणी करणारे नवा रकाना रिकामा सोडू लागतात आणि विचारणारी व्यक्ती निघून गेलेली असते. त्यामुळे विद्यार्थिनी, विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्या शेवटच्या त्रिपक्षी बैठकीत कराराला पुरवणी जोडली: तीन महिन्यांनी विद्यार्थिनी एक दिवस परत येईल, नव्या नोंदींतल्या आठ पत्रांचे सारांश मूळ पत्रांशी ताडून पाहील, त्या दिवसाचे मानधन रुग्णालय देईल, आणि तोवर तिचा प्रवेश-परवाना व समितीची मंजुरी चालू राहील. मंजुरीची मुदत वाढवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाकला, कारण संपलेली मंजुरी पुन्हा मिळवायची तर सगळे कागद पहिल्यापासून भरावे लागतात.